सागरतळावरील भूकंपमापन : पार्श्वभूमीचा गोंगाट आणि स्थल-प्रतिसाद – एक चिकित्सक अभ्यास

सारांश

सागरतळावर ठेवलेल्या भूकंपमापकांच्या नोंदींतून दोन गोष्टींचा अभ्यास प्रामुख्याने केला जातो. एक, भूकंप नसताना सतत नोंदविला जाणारा पार्श्वभूमीचा गोंगाट. आणि दोन, त्या ठिकाणच्या गाळामुळे कंपनांत होणारा बदल, म्हणजेच स्थल-प्रतिसाद. हे दोन विषय बहुधा स्वतंत्रपणे मांडले जातात. जमिनीवर विकसित झालेली आडव्या-उभ्या घटकांच्या गुणोत्तराची पद्धत सागरतळावर वापरताना तिच्या गृहीतकांचे काय होते, याचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे. गोंगाटाचा हिशेब दिल्याशिवाय सांगितलेला स्थल-प्रतिसाद हा पुरावा म्हणून अपुरा ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सागरतळ भूकंपमापक, सूक्ष्मकंप, पार्श्वभूमीचा गोंगाट, स्थल-प्रतिसाद, आडवे-उभे गुणोत्तर, अंदमान समुद्र.

१. प्रस्तावना

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याखाली आहे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो अशा ज्या पट्ट्यांत सर्वांत मोठे भूकंप घडतात, ते पट्टेही बहुतांशी समुद्राखाली आहेत. याउलट, भूकंपमापन केंद्रे मात्र प्रामुख्याने जमिनीवर आहेत. परिणामी समुद्रात उद्भवलेल्या भूकंपाचा अभ्यास दूरच्या किनाऱ्यावरून, तोही एकाच बाजूने करावा लागतो. २६ डिसेंबर २००४ चा सुमात्रा-अंदमान भूकंप आणि ११ मार्च २०११ चा जपानमधील तोहोकू भूकंप या दोन्ही घटनांनंतर ही उणीव तीव्रतेने जाणवली.

सागरतळ भूकंपमापक ही या उणिवेवरील उपाययोजना होय. सर्वसाधारणपणे हे उपकरण जहाजावरून पाण्यात सोडले जाते व खाली बांधलेल्या वजनामुळे तळाशी जाऊन बसते. काही महिन्यांनी जहाजावरून ध्वनिसंकेत पाठविला की वजन सुटते आणि उपकरण आपल्या तरणशक्तीने पृष्ठभागावर येते. मधल्या काळात ते कोणाच्याही देखरेखीशिवाय काम करते. ते नेमके कशावर बसले आहे, किती तिरपे आहे आणि त्याचे आडवे घटक कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, हे उपकरण सोडणाऱ्याला प्रत्यक्ष दिसत नाही. उपग्रहांकडून मिळणारी वेळही पाण्याखाली पोहोचत नसल्याने घड्याळातील फरक उपकरण वर आल्यावरच काढावा लागतो. जमिनीवरील केंद्र बांधताना खडक निवडता येतो, चौथरा घालता येतो, उत्तर दिशा मोजता येते. सागरतळावर यांपैकी बहुतेक गोष्टी नोंदीतूनच मागाहून शोधाव्या लागतात. पुढील सर्व विवेचन या मूलभूत फरकावर आधारलेले आहे.

२. ‘गोंगाट’ या संज्ञेची चिकित्सा

भूकंपशास्त्रात गोंगाट म्हणजे ज्या संकेताचा शोध चालू आहे तो सोडून नोंदीत आलेले बाकीचे सर्व काही. ही व्याख्या नोंदीवरून नव्हे तर अभ्यासकाच्या हेतूवरून ठरते. त्यामुळे एका अभ्यासकाचा गोंगाट दुसऱ्या अभ्यासकाचा विषय होऊ शकतो. या शास्त्राच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे.

या संदर्भात मुंबईचा उल्लेख आवश्यक ठरतो. कुलाबा वेधशाळेतील सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी भूकंपमापकावर उमटणाऱ्या सूक्ष्मकंपांचा आणि भारतीय समुद्रांतील मोसमी व वादळी हवामानाचा संबंध तपासला. त्यांचा हा अभ्यास १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. भूकंप नोंदविण्यासाठी बसविलेल्या यंत्रावर समुद्राची हालचाल वाचता येते, ही कल्पना त्यामागे होती. तथापि एक अडचण शिल्लक होती. लाटेचा दाब खोलीनुसार झपाट्याने कमी होतो. मग खोल समुद्रातील वादळ तळाला कसे हलविते?

याचे समाधानकारक उत्तर मायकेल लाँगेट-हिगिन्स यांनी १९५० मध्ये दिले. समान आवर्तकालाच्या लाटा परस्परविरुद्ध दिशांनी येऊन एकमेकींना भेटल्या, तर त्यांच्या संयोगातून दाबाचा असा एक अंश निर्माण होतो की जो खोलीनुसार क्षीण होत नाही. त्याची वारंवारता मूळ लाटेच्या दुप्पट असते. नोंदींत सुमारे १४ सेकंदांच्या आसपास एक लहान शिखर आणि त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ७ सेकंदांच्या आसपास एक मोठे शिखर का दिसते, याचा उलगडा त्यातून झाला. लहान शिखर उथळ पाण्यात लाटांच्या तळावरील थेट आघातातून निर्माण होते, हे हॅसलमान यांनी १९६३ मध्ये दाखविले.

पुढे २००५ मध्ये शापिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोंगाटाचा उपयोग करून कॅलिफोर्नियाच्या कवचाचे चित्र तयार केले. दोन केंद्रांवरील दीर्घकालीन गोंगाटाची परस्परांशी तुलना केली असता, जणू एका केंद्रावर आघात करून दुसऱ्यावर तो नोंदविल्याप्रमाणे लहर हाती येते, हे त्यामागील तत्त्व होय. अशा रीतीने जे गाळून टाकावयाचे होते तेच साधन झाले. मात्र या यशामुळे गोंगाटाकडे काहीसे सरसकट पाहण्याची प्रवृत्तीही निर्माण झालेली दिसते. गोंगाट उपयुक्त आहे हे मान्य केले तरी तो कशाचा आहे, हा प्रश्न मिटत नाही. सागरतळावर तर तोच पहिला प्रश्न ठरतो.

३. सागरतळावरील गोंगाटाचे घटक

सागरतळावरील गोंगाटाचे स्थूलमानाने चार घटक सांगता येतात. पहिला घटक वर उल्लेखिलेल्या सूक्ष्मकंपांचा होय. दुसरा घटक दीर्घ आवर्तकालाच्या समुद्रलाटांचा, तिसरा तळाजवळील प्रवाहांचा आणि चौथा उपकरणाच्या स्वतःच्या हालचालीचा.

दुसऱ्या घटकाचे स्वरूप साध्या गणिताने स्पष्ट होते. खोल पाण्यात १० सेकंद आवर्तकालाच्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर असते. तिच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे ७८ मीटरवर, तिचा दाब पृष्ठभागाच्या अवघा ४ टक्के उरतो. १००० मीटर खोलीवर अशा लाटेचा थेट परिणाम जवळजवळ शून्य होय. तेथे तळाला दाबू शकतात त्या ज्यांची लांबी पाण्याच्या खोलीइतकी किंवा तिच्याहून अधिक आहे अशा लाटा. १००० मीटर खोलीसाठी ही मर्यादा सुमारे २५ सेकंद, तर ३००० मीटरसाठी सुमारे ४४ सेकंद येते. याहून दीर्घ आवर्तकालाच्या लाटा पृष्ठभागावर डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्या दाबाने तळ किंचित दबतो व पुन्हा वर येतो आणि उभा घटक ते टिपतो. क्रॉफर्ड, वेब आणि हिल्डब्रँड यांनी १९९१ मध्ये या दबण्याचाच उपयोग तळाखालील खडकांच्या दृढतेचे मोजमाप करण्यासाठी केला. सूक्ष्मकंपांच्या शिखरांपेक्षा दीर्घ, पण या लाटांच्या मर्यादेपेक्षा लघु असा आवर्तकालाचा जो पट्टा मध्ये उरतो, तो खोल सागरतळावर तुलनेने शांत असतो.

तिसरा घटक आडव्या घटकांना अधिक पीडादायक ठरतो. प्रवाहामुळे उपकरण किंचित कलले की गुरुत्वाकर्षणाचा अंश आडव्या घटकावर पडतो. एक किलोमीटर लांबीच्या दांड्याचे एक टोक एक मिलिमीटर उचलले असता जेवढा कल निर्माण होईल, तेवढ्या कलानेही आडव्या घटकावर सुमारे दहा लाख भागांपैकी एक भाग एवढे गुरुत्वीय त्वरण उमटते. भूकंपमापकाच्या दृष्टीने ते नगण्य नाही. उपकरण पूर्णपणे समपातळीत नसेल तर हा दोष उभ्या घटकातही उतरतो. क्रॉफर्ड आणि वेब यांनी २००० मध्ये आडव्या घटकांच्या साहाय्याने उभ्या घटकातील हा दोष वजा करण्याची रीत मांडली. ती आज सागरतळावरील नोंदींच्या प्राथमिक संस्कारांचा भाग झाली आहे.

गोंगाट कमी की अधिक हे ठरविण्यासाठी पीटरसन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या नीचतम व उच्चतम गोंगाटाच्या प्रतिमानांचा आधार सर्वत्र घेतला जातो. ही प्रतिमाने जगभरातील ७५ केंद्रांच्या नोंदींवरून तयार झाली असून ती केंद्रे सागरतळावरील नव्हती. सागरतळावरील नोंद उच्चतम रेषेच्या वर गेली म्हणून ती निकृष्ट, असा निष्कर्ष यामुळे योग्य ठरत नाही. ती रेषा तुलनेसाठी उपयुक्त आहे. गुणवत्तेचा निकष म्हणून ती वापरणे अप्रस्तुत होय.

४. स्थल-प्रतिसाद आणि आडवे-उभे गुणोत्तर

मऊ गाळाचा थर कठीण खडकावर असेल तर ठरावीक वारंवारतेला त्या थरात अनुस्पंदन होते व कंपने वाढतात. थरातील दुय्यम लहरींचा वेग थराच्या जाडीच्या चौपटीने भागला असता ही मूलभूत वारंवारता मिळते. उदाहरणार्थ, वेग सेकंदाला २०० मीटर व जाडी ५० मीटर असल्यास ती १ हर्ट्झ येते. वेग १०० मीटर व जाडी २५ मीटर असली तरीही ती १ हर्ट्झच येते. म्हणजे शिखराच्या स्थानावरून थराचे स्वरूप एकमेव रीतीने ठरत नाही, ही मर्यादा जमिनीवरही आहेच.

गोंगाटातील आडव्या व उभ्या घटकांचे गुणोत्तर काढून हे शिखर शोधण्याची पद्धत नोगोशी व इगाराशी यांच्या १९७० च्या सुमाराच्या कार्यातून पुढे आली आणि नाकामुरा यांनी १९८९ मध्ये तिला लोकप्रियता मिळवून दिली. ही पद्धत स्वस्त व सुलभ आहे. एकच उपकरण पुरते आणि भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. सागरतळावर, जेथे प्रत्येक उपकरणामागे जहाजाचा खर्च आहे, तेथे तिचे आकर्षण अधिकच वाढते.

तथापि या पद्धतीचा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे. गाळाचा थर आडव्या घटकाला वाढवितो, उभ्या घटकाला मात्र फारसा स्पर्श करीत नाही. म्हणून उभा घटक हा छेद म्हणून विश्वसनीय आहे, असे ते गृहीतक होय. सागरतळावर नेमका हा छेदच अविश्वसनीय होतो. पाणी दुय्यम लहरींचे वहन करीत नाही, पण प्राथमिक लहरींचे करते. तळातून जवळजवळ सरळ वर येणारी प्राथमिक लहर पाण्यात शिरते, पृष्ठभागावरून परत फिरते आणि ठरावीक वारंवारतेला तळाच्या उभ्या हालचालीला रोखून धरते. पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरल्यास १००० मीटर खोलीवर ही वारंवारता सुमारे ०.३७५ हर्ट्झ, तर ३००० मीटरवर सुमारे ०.१२५ हर्ट्झ येते. या ठिकाणी उभा घटक खाली जातो. छेद लहान झाला की गुणोत्तर आपोआप मोठे होते आणि शिखर दिसू लागते. वस्तुतः गाळाने काहीच वाढविलेले नसते. पाण्याने कमी केलेले असते.

ही शंका केवळ सैद्धान्तिक नाही. बोअर आणि स्मिथ यांनी १९९९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढील सागरतळावर नोंदविलेल्या भूकंपांचे विश्लेषण केले. उभ्या घटकाचे आडव्याशी असलेले प्रमाण जमिनीवरील नोंदींपेक्षा तेथे स्पष्टपणे कमी आढळले. समुद्रातील तेलमंचासारख्या बांधकामांचे अभिकल्प करताना या फरकाला व्यावहारिक महत्त्व आहे. गुणोत्तराच्या भाषेत मात्र हाच फरक ‘मोठे विवर्धन’ म्हणून वाचला जाण्याचा धोका संभवतो.

५. उपकरण हाही स्थलाचाच भाग

जमिनीवरील चर्चेत उपकरण पारदर्शक मानले जाते. सागरतळावर हे मानता येत नाही. मऊ गाळावर बसलेले जड उपकरण हे स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनासारखे वागते व स्वतःच्या वारंवारतेला डुलू लागते. १९७८ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात लोपेझ बेटानजीक विविध संस्थांची सागरतळ उपकरणे शेजारी शेजारी ठेवून तुलनात्मक चाचण्या घेण्यात आल्या. उपकरणाची घडण आणि गाळाशी असलेली त्याची जोड नोंदीवर परिणाम करते, हे त्यातून पुढे आले. हे डुलणे आडव्या घटकांत अधिक प्रकट होते आणि त्याची वारंवारता काही वेळा स्थल-प्रतिसादाच्या अभ्यासाला हव्या असलेल्या पट्ट्यातच येते. प्रवाहात थरथरणाऱ्या तारा व अँटेना यांचीही भर त्यात पडते. अशा स्थितीत गुणोत्तराचा अंश उपकरणाने वाढविलेला आणि छेद पाण्याने घटविलेला, असे दुहेरी संकट उद्भवते.

१९९८ मध्ये हवाई बेटांतील ओआहूच्या नैर्ऋत्येस झालेल्या प्रयोगात तळावर नुसते ठेवलेले, गाळात पुरलेले आणि वेधनविवरात उतरविलेले अशा तीन प्रकारच्या संवेदकांची तुलना करण्यात आली. दीर्घ आवर्तकालात गाळात उथळ पुरलेला संवेदक उघड्यावरील संवेदकापेक्षा बराच शांत आढळला. जागा तीच, समुद्र तोच, पृथ्वी तीच. नोंद मात्र निराळी. स्थलाचा प्रतिसाद आणि मांडणीचा प्रतिसाद यांत भेद करणे का आवश्यक आहे, हे यावरून पुरेसे स्पष्ट होते.

जपानचा अनुभव याहून अधिक गंभीर आहे. तोहोकू भूकंपानंतर तेथे केबलने जोडलेल्या १५० केंद्रांचे ‘एस-नेट’ हे सागरतळ जाळे उभारण्यात आले आणि २०१९ पासून त्याच्या नोंदी भूकंपाच्या पूर्वसूचना यंत्रणेत घेतल्या जाऊ लागल्या. या केंद्रांची कवचे दंडगोलाकार असल्याने जोराच्या हादऱ्यात त्यांपैकी काही स्वतःभोवती किंचित वळल्याचे संशोधकांना आढळले. शिवाय मऊ गाळामुळे सागरतळावरील कंपने जमिनीपेक्षा मोठी नोंदविली जातात, त्यामुळे भूकंपाची प्रत जास्त ठरण्याची शक्यता असते. प्रतीची मोजपट्टी लघुगणकीय आहे. कंपनाचा विस्तार दुप्पट नोंदविला गेला तर प्रत ०.३ ने वाढते, तिप्पट नोंदविला गेला तर जवळजवळ अर्ध्या एककाने. काही सेकंदांत रेल्वेगाड्या थांबविण्याचा निर्णय ज्या आकड्यावर अवलंबून आहे, त्यात अर्ध्या एककाचा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही. स्थल-प्रतिसादाचा गुणक येथे शोधनिबंधातील आलेखापुरता राहत नाही.

६. अंदमान समुद्रातील प्रयोग

भारतीय संदर्भात गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे कार्य विशेष उल्लेखनीय होय. या संस्थेच्या संशोधकांनी २०१३-१४ मध्ये अंदमान समुद्रात सागरतळ भूकंपमापक ठेवले. मार्च २०१४ मध्ये निकोबारनजीकच्या समुद्रात झालेल्या भूकंपमालिकेची नोंद त्यांतून मिळाली आणि तिचा संबंध तळाखालील शिलारसाच्या हालचालीशी जोडता आला. जमिनीवरील दूरच्या केंद्रांना इतके लहान धक्के टिपणे कठीण असते. हे या प्रयोगाचे प्रत्यक्ष फलित होय.

याच प्रयोगाच्या नोंदींवर आधारलेला एक निबंध २०१८ मध्ये अमेरिकेच्या भूकंपशास्त्रीय संस्थेच्या ‘बुलेटिन’मध्ये प्रसिद्ध झाला. पार्श्वभूमीच्या गोंगाटाचे स्वरूप, स्थल-प्रतिसाद आणि उपकरणांची दिशा हे तीन विषय त्यात एकत्र हाताळले आहेत. ही एकत्र मांडणी पद्धतिशास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाची आहे. आडव्या घटकांची दिशा निश्चित झाल्याशिवाय भूकंपाच्या लहरींचे योग्य विभाजन होत नाही. गोंगाटाचे स्वरूप ठाऊक झाल्याशिवाय आडव्या घटकात पृथ्वी किती व प्रवाह किती हे सांगता येत नाही. आणि या दोहोंशिवाय स्थल-प्रतिसादाला अर्थ प्राप्त होत नाही. स्थल-प्रतिसादावरील निबंधात गोंगाटाचे प्रकरण हे परिशिष्ट नसून पाया आहे, हा धडा इतर ठिकाणच्या अभ्यासकांनीही घेण्याजोगा आहे.

भारतासाठी हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. अंदमान-निकोबारची वस्ती थेट धोक्याच्या पट्ट्यावर आहे. पश्चिमेस मकरान किनाऱ्यापुढे २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे झालेल्या ८.१ प्रतीच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. या दोन्ही दिशांच्या समुद्रांत सागरतळावरील केंद्रे पूर्वसूचनेसाठी वापरावयाची झाल्यास, प्रत्येक केंद्राचा गुणक आधी तपासून ठेवावा लागेल. संकटाच्या क्षणी तो तपासता येणार नाही.

७. एका संभाव्य आक्षेपाचा विचार

गुणोत्तराची उंची विश्वसनीय नसली तरी शिखराची वारंवारता विश्वसनीय असते, म्हणून पद्धत टाकाऊ ठरत नाही, असा युक्तिवाद केला जातो. जमिनीवर तो बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. सागरतळावर मात्र पाण्याच्या थराची आणि उपकरणाच्या डुलण्याचीही स्वतंत्र वारंवारता असते. त्यामुळे उंचीबरोबर स्थानही संशयास्पद होते. तरीही पद्धतीचा त्याग करण्याचे कारण नाही. पाण्याची खोली ज्ञात असल्याने पाण्यामुळे पडणारे खळगे कोठे येतील हे आधीच सांगता येते. आडव्या व उभ्या घटकांचे वर्णपट स्वतंत्रपणे दाखविले तर शिखर अंशामुळे आले की छेदामुळे, हे वाचकाला पडताळता येते. भरती-ओहोटी व प्रवाहांच्या वेगवेगळ्या अवस्थांत शिखर स्थिर राहिले, तर ते प्रवाहजन्य नसण्याची शक्यता वाढते. शेजारी दाबमापक असल्यास लाटांचा वाटा वेगळा काढता येतो. अखेरीस, प्रत्यक्ष भूकंपाच्या दुय्यम लहरींतून मिळालेल्या प्रतिसादाशी तुलना हीच सर्वांत भक्कम कसोटी होय.

८. समारोप

सागरतळावरील नोंद ही पृथ्वी, पाणी, गाळ आणि उपकरण या चौघांची संयुक्त नोंद असते. जमिनीवरून आणलेली पद्धत या चौघांतील दोघांना, म्हणजे पाण्याला आणि उपकरणाला, विचारात घेत नाही. म्हणून तिचे फलित चुकीचेच असते असे नव्हे; पण ते कोणाचे आहे हे तिला सांगता येत नाही. बॅनर्जी यांनी कुलाब्यात बसून भूकंपमापकाच्या कागदावर समुद्र वाचला, कारण त्या नोंदीत समुद्र आहे हे त्यांनी आधी गृहीत धरले. आजच्या अभ्यासकाचे काम याच्या उलट दिशेचे आहे. त्याला नोंदीतून समुद्र वेगळा काढून मगच तळाविषयी बोलावयाचे आहे. गोंगाटाचे परीक्षण आणि स्थल-प्रतिसादाचे मापन ही एकाच कामाची दोन टोके मानली गेली, तरच सागरतळावरील केंद्रांनी दिलेल्या आकड्यांवर किनाऱ्यावरील माणसांच्या सुरक्षिततेचा भार टाकता येईल.